तळाच्या क्लबचा हंगाम

जयगडच्या धक्क्यावर उभे राहा. समोर शास्त्री नदी समुद्राला मिळते आहे, पलीकडच्या काठाला तवसाळ आहे आणि फेरीबोट गाड्या, मोटारसायकली, माणसं घेऊन मधली खाडी ओलांडते आहे. जरा पुढे जेएसडब्ल्यूच्या बंदरात कोळशाची अजस्र जहाजं लागतात. ज्या उद्योगसमूहाचं हे बंदर, त्याच समूहाचा बंगळुरू एफसी हा फुटबॉल क्लब. 2013 साली तो निघाला, आय-लीगच्या आपल्या पहिल्याच हंगामात विजेता ठरला आणि 2017 साली इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाला. या लीगच्या पहिल्या अकरा हंगामांत, म्हणजे 2014 पासून 2025 पर्यंत, तळाला राहिलेला एकही क्लब खालच्या विभागात गेला नाही. जो शेवटचा आला, तो पुढच्या वर्षी त्याच जागेवर पुन्हा खेळला.

तळाच्या क्लबला आपली जागा खेळून राखावी लागेल, हा नियम फुटबॉलमध्ये पहिल्यांदा लागू झाला तो हंगाम आज तुम्हाला बघायचा आहे. त्यासाठी याच धक्क्यावरून 1892 साली निघावं लागेल.

आता बंदरातल्या क्रेन नाहीत. दीपगृह नाही, ते 1932 साली उभं राहील. खाडीत गलबतं आणि पडाव आहेत. मे महिना चालू आहे, पावसाळा लागला की किनाऱ्यावरची आगबोट बंद होणार, म्हणून मुंबईला जाणाऱ्यांची गर्दी उडाली आहे. आगबोट खोल पाण्यात थांबते आणि तुम्ही पडावातून तिच्यापाशी जाता. वर चढल्यावर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक गिरणीत निघालेली, बोचक्यात तांदूळ आणि कुळथाचं पीठ घेऊन. दुसरी मोठ्या जहाजांवर खलाशी म्हणून निघालेली, मुंबईच्या गोदीत सारंगाची गाठ घ्यायला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांतले तरुण असे दर्यावर गेले. तुम्हीही त्यांच्यात सामील व्हा. लिव्हरपूलच्या जहाजावर जागा मिळेल.

मुंबईत थोडा मुक्काम करा. गिरणगावात रविवारी भोंगा वाजत नाही. ही सुट्टी फक्त दोन वर्षांची आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणून ती मागितली आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी ती मान्य केली. फुटबॉलही शहरात आला आहे. मागच्याच वर्षी, 1891 साली, रोव्हर्स कप सुरू झाला आणि वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने तो जिंकला. अजून हा गोऱ्या सोल्जरांचा खेळ आहे, आपली माणसं कडेला उभी राहून बघतात. कामगाराला सुट्टी मिळाली की खेळ त्याच्यापर्यंत पोचतो, हे पुढे इंग्लंडात तुम्हाला ढळढळीत दिसेल.

सुएझचा कालवा, भूमध्य समुद्र, मग लिव्हरपूल. तिथून आगगाडीने मँचेस्टर. बोटीने थेट जायची सोय अजून झालेली नाही. मँचेस्टरचा जहाजांचा कालवा खणणं चालू आहे, तो 1894 साली खुला होईल.

शनिवार दुपार. मँचेस्टरच्या ईशान्येला न्यूटन हीथ नावाच्या वस्तीत तुम्ही उभे आहात. विटांची बुटकी घरं, एकाला एक लागून. धुराड्यांचा धूर इतका दाट की उन्हाचा रंगही करडा दिसतो. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेचा डबे आणि वाघिणी बांधण्याचा मोठा कारखाना इथे आहे. 1878 साली याच कारखान्यातल्या कामगारांनी फुटबॉलचा क्लब काढला. इंग्लंडातल्या कापड गिरण्यांना शनिवारी दुपारी दोनला काम थांबवायचं बंधन 1850 च्या कायद्याने घातलं आणि हळूहळू इतर कारखान्यांतही ती प्रथा पडली. शनिवारची ही मोकळी दुपार नसती तर इंग्लंडात फुटबॉलची साखळी स्पर्धा उभीच राहिली नसती.

ही साखळी, फुटबॉल लीग, 1888 साली सुरू झाली. अ‍ॅस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅकग्रेगर यांची ती कल्पना. पहिले बारा क्लब, त्यांतले सहा एकट्या लँकेशायरचे: अ‍ॅक्रिंग्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, एव्हर्टन, प्रेस्टन. तळाला राहिलेल्या क्लबांनी वार्षिक सभेत हात जोडून पुन्हा मतं मागायची, असा तेव्हाचा रिवाज. सभेत कोणाचं वजन आहे, कोणाचं मैदान मोठं आहे, यावर बऱ्याच गोष्टी ठरत. 1892 साली फुटबॉल अलायन्स ही दुसरी साखळी लीगमध्ये विलीन झाली आणि दोन विभाग झाले: पहिल्यात सोळा क्लब, दुसऱ्यात बारा. अलायन्समध्ये दुसरा आलेला न्यूटन हीथ थेट पहिल्या विभागात घेतला गेला. सोबत नवा नियम आला. पहिल्या विभागातले शेवटचे तीन आणि दुसऱ्यातले पहिले तीन यांनी हंगामाच्या अखेरीस तटस्थ मैदानावर एकमेकांशी खेळायचं. या सामन्यांना टेस्ट मॅच म्हणायचे. वर कोण राहणार, खाली कोण जाणार, हे आता मैदानात दिसणार होतं.

नॉर्थ रोडच्या मैदानावर चला. तिकीट सहा पेन्स. खेळाडू ऑल्डहॅम रोडवरच्या एका पबात कपडे बदलतात आणि रस्त्याने चालत येतात, तुमच्या अंगाला घासून जातील इतक्या जवळून. मैदान बघा. एका टोकाला जमीन दगडासारखी टणक, पडलात तर गुडघ्याचं कातडं सोलून निघेल. दुसऱ्या टोकाला चिखल, बूट घोट्यापर्यंत रुततो. पावसाच्या आधी भाताचं खाचर नांगरून ठेवलेलं असतं, तसा तो भाग दिसतो. शेजारून रेल्वेचे रूळ जातात. इंजिन गेलं की वाफेचा लोट मैदानावर येतो, आणि बॉल कुठे गेला हे काही क्षण कोणालाच कळत नाही.

खेळही नीट न्याहाळा, कारण तो तुम्ही टीव्हीवर बघता तसा नाही. गोलरक्षकाचा शर्ट बाकी दहा जणांसारखाच असतो आणि तो आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही हाताने बॉल अडवू शकतो. गोलाला जाळी लागली, पेनल्टी किक आली आणि पंच रेषेच्या आत येऊन शिट्टी वाजवू लागला, हे सगळं फक्त एका वर्षापूर्वीचं. बदली खेळाडू नाही. कोणी लंगडू लागला तर तो लंगडतच खेळतो. बॉल चामड्याचा, वादीने शिवलेला. पाणी प्यायला की जड होतो, आणि वादीवर डोकं बसलं तर कपाळावर वळ उठतो. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक.

हंगाम 3 सप्टेंबरला ब्लॅकबर्नच्या ईवूड पार्कवर सुरू होतो. न्यूटन हीथ 4-3 असा हरतो, पण झुंज देऊन हरतो. क्लबचा लीगमधला पहिला गोल बॉब डोनाल्डसन या स्कॉटिश फॉरवर्डच्या नावावर लागतो. परतीच्या गाडीत तुमच्या बाजूला बसलेला कारखान्यातला म्हातारा सुतार समाधानी आहे. तीन गोल केले की आपण, असं तो दोनदा म्हणतो. पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावर बर्नलीशी 1-1. मग बर्नलीत 4-1 ने हार आणि एव्हर्टनमध्ये 6-0 ने. वेस्ट ब्रॉमशी आधी 0-0, नंतर घरी 4-2 ने हार. सहा सामने झाले, विजय एकही नाही. आता गाडीत सुतार गप्प बसतो.

15 ऑक्टोबर. समोर वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स. त्या दुपारी जे घडतं ते बघायला नॉर्थ रोडवर असायलाच हवं. डोनाल्डसनचे तीन गोल, विली स्टुअर्टचे तीन, फारमन, हुड, हेंड्री आणि कार्सन यांचा एकेक. 10-1. लीगमधला पहिला विजय, आणि तो असा. पुढे हाच क्लब जगभर नावाजला जाईल, पण साखळीच्या अधिकृत नोंदीत एका सामन्यात याहून जास्त गोल त्याला आजवर करता आलेले नाहीत. लोक टोप्या उडवतात, अनोळखी माणसं तुमच्या पाठीवर थापा मारतात. चारच दिवसांनी एव्हर्टन इथे येतं आणि 4-3 ने जिंकून जातं.

या हंगामाचा स्वभाव असाच आहे. 19 नोव्हेंबरला अ‍ॅस्टन व्हिलासारखा तगडा संघ 2-0 ने गारद होतो, डिसेंबरात बोल्टनला 1-0 ने हरवलं जातं, आणि नाताळच्या आदल्या दिवशी शेफील्ड वेन्सडे घरात येऊन पाच गोल घालून जातं. 31 डिसेंबरला डर्बीवर 7-1. हंगामातल्या तीस सामन्यांत क्लबने पन्नास गोल केले. त्यांतले सतरा फक्त दोन सामन्यांत, वुल्व्हरहॅम्प्टन आणि डर्बीविरुद्ध. उरलेल्या अठ्ठावीस सामन्यांत तेहतीस. एका दुपारी ओसंडून वाहणारा आणि पुढच्या चार शनिवारी कोरडा पडणारा हा संघ. तळाला राहणाऱ्या संघांत कौशल्य नसतं असा आपला समज असतो. न्यूटन हीथकडे कौशल्य होतं, सातत्य नव्हतं. साखळीत गुण सातत्याला मिळतात.

7 जानेवारी 1893. स्टोकचं व्हिक्टोरिया ग्राउंड. सामना सुरू व्हायची वेळ झाली आणि संघ दहाच जणांचा. गोलरक्षक जिमी वॉर्नर आलेला नाही, त्याची गाडी चुकली आहे. वॉर्नर साधा माणूस नव्हे. 1887 साली अ‍ॅस्टन व्हिलाने एफए कप जिंकला तेव्हा गोलात तोच होता. बदली खेळाडूची सोयच नाही, म्हणून न्यूटन हीथ दहा जणांनिशी उतरतो आणि स्टुअर्ट, फिट्झसिमन्स, क्लेमेंट्स आळीपाळीने गोलात उभे राहतात. ज्यांनी आयुष्यात कधी गोल राखला नाही, ती माणसं जड, ओला बॉल अंगावर झेलतात. 7-1. क्लबने वॉर्नरला निलंबित केलं. तुम्ही त्या दिवशी कडेला उभे असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: निकाल ठरून गेल्यावरही कोणी मैदान सोडलं नाही.

या थंडीत मैदानाबाहेरही हलाखी आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून ऑल्डहॅम आणि आसपासच्या सूतगिरण्यांना टाळं लागलं आहे. मालकांना मजुरी पाच टक्क्यांनी कापायची आहे, कामगारांना ते मान्य नाही. ऑल्डहॅम इथून काही मैलांवर. वीस आठवडे चात्या बंद. मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीनच्या बाजारात लँकेशायरला भारी पडतं आहे, ही तक्रार तुमच्या कानावर येते, आणि परळच्या चाळीत राहणारा तुमचा गाववाला तुम्हाला आठवतो. जगाच्या दोन टोकांचे कामगार एकाच बाजाराच्या चढउतारावर जगत होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते. 24 मार्चला पहाटे, रात्रभराच्या बोलण्यांनंतर, ब्रुकलँड्सचा करार होतो. कपात पाचऐवजी तीन टक्क्यांच्या आसपास ठरते. सहा पेन्सचं तिकीट या महिन्यांत ज्यांनी काढलं, त्यांनी ते कुठला तरी खर्च मारून काढलं होतं. संघ हरत होता तरी ते येत होते.

मार्चपर्यंत गणित स्पष्ट झालं आहे. त्या वर्षीचा विजेता संडरलँड 4 मार्चला नॉर्थ रोडवर येतो आणि 5-0 ने जिंकतो. हाच संघ त्या हंगामात शंभर गोलांचा टप्पा गाठतो, लीगच्या इतिहासात पहिल्यांदाच. न्यूटन हीथ तळाला आहे आणि वर सरकायची आशा जवळपास संपली आहे. अशा वेळी संघ कोसळतात. पण 31 मार्चला, गुड फ्रायडेला, स्टोक नॉर्थ रोडवर येतं. तेच स्टोक, ज्याने सात गोल घातले होते. न्यूटन हीथ 1-0 ने जिंकतो. दुसऱ्याच दिवशी, 1 एप्रिलला, प्रेस्टनवर 2-1. पहिले दोन लीग हंगाम जिंकलेलं प्रेस्टन. दोन दिवसांत दोन विजय, तेही त्याच दमलेल्या पायांवर. लगेच 4 एप्रिलला संडरलँडकडून 6-0 ने हार होते, पण त्या दोन दिवसांनी कारखान्यातल्या लोकांची मान ताठ केली.

8 एप्रिलला साखळीतला शेवटचा सामना. समोर अ‍ॅक्रिंग्टन, लीगच्या मूळ बारांतला एक, कापड गिरण्यांचं छोटं गाव. नोव्हेंबरात दोघे 2-2 असे सुटले होते, आज 3-3. न्यूटन हीथ 18 गुणांवर शेवटचा ठरतो: सहा विजय, सहा बरोबऱ्या, अठरा पराभव. सहाही विजय घरच्या मैदानावरचे. अ‍ॅक्रिंग्टन 23 गुणांनी पंधरावं राहतं, नॉट्स काउंटी 24 गुणांनी चौदावं. या तिघांना आता टेस्ट मॅच खेळायच्या आहेत. मैदानाबाहेर पडताना दोन्ही गावांची माणसं शेजारी शेजारी चालतात. आज त्यांची अवस्था एकसारखी आहे. पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्या वाटा कायमच्या वेगळ्या होणार आहेत.

22 एप्रिल, शनिवार. पुन्हा स्टोकचं तेच मैदान, जिथे जानेवारीत गोलरक्षकाविना खेळावं लागलं होतं. प्रतिस्पर्धी बर्मिंगहॅमचा स्मॉल हीथ, दुसऱ्या विभागाचा विजेता. गोलात आता डेव्हिस आहे. आज हरलो तर तीस सामन्यांची सगळी दमछाक वाया, आणि जिंकलो तर सगळे पराभव माफ. न्यूटन हीथकडून अल्फ फारमन गोल करतो, स्मॉल हीथही एक करतं. 1-1. निर्णय लागत नाही.

27 एप्रिलला शेफील्डच्या ब्रॅमल लेनवर पुन्हा सामना. आज गुरुवार आहे, भोंग्याच्या कामगाराला सुट्टी नाही. म्हातारा सुतार येऊ शकलेला नाही, त्याच्या वतीनेही तुम्हालाच बघायचं आहे. फारमन एक गोल करतो, मग दुसरा, मग तिसरा. जो कॅसिडी एक, जिमी कूपर एक. 5-2. साखळीत सर्वात शेवटचा आलेला क्लब पहिल्या विभागात टिकतो, आणि दुसऱ्या विभागाचा विजेता तिथेच राहतो. स्मॉल हीथवर अन्याय झाला असं तुम्हाला वाटेल. त्यांच्या बाजूने बघितलं तर झालाच. सगळ्या हंगामाची कमाई दोन दुपारींवर लावणं ही या पद्धतीतली त्रुटी होती. 1898 साली ती उघडी पडली. स्टोक आणि बर्नली या दोघांनाही फक्त बरोबरी पुरेशी होती, आणि दोघांनी गोल करायचा प्रयत्नच न करता सामना 0-0 असा सोडवला. त्यानंतर टेस्ट मॅच बंद झाल्या आणि तळाचे दोन खाली, वरचे दोन वर, असा सरळ नियम आला. पण मूळ तत्त्व 1893 सालीच रुजलं होतं. जागा मागून मिळणार नाही, खेळून राखावी लागेल.

आता त्या तिघांचं काय झालं ते बघा. नॉट्स काउंटी डार्वेनकडून 3-2 ने हरून खाली गेला. अ‍ॅक्रिंग्टन नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजवर शेफील्ड युनायटेडकडून 1-0 ने हरलं. लीगच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या त्या क्लबने दुसऱ्या विभागात खेळण्याऐवजी लीगचाच राजीनामा दिला. तीन वर्षांत, 1896 साली, तो क्लब संपला. आज अ‍ॅक्रिंग्टनच्या नावाने जो क्लब खेळतो तो वेगळा आहे.

न्यूटन हीथ फक्त एक वर्ष वाचला. नॉर्थ रोडची जमीन मँचेस्टरच्या कॅथेड्रलच्या मालकीची, आणि तिथे तिकीट लावून खेळ करणं त्या धर्मगुरूंना पसंत नव्हतं. क्लबला मैदान सोडावं लागलं. नवं मैदान क्लेटनच्या बँक स्ट्रीटवर, रसायनांच्या कारखान्यांच्या धुरात. 1893-94 चा हंगाम आणखी वाईट गेला: बावीस पराभव, चौदा गुण, पुन्हा शेवटचा क्रमांक. 28 एप्रिल 1894 रोजी ईवूड पार्कवर टेस्ट मॅच झाली. समोर दुसऱ्या विभागात संपूर्ण हंगाम अपराजित राहिलेला नवा क्लब, लिव्हरपूल. 2-0 ने न्यूटन हीथ हरला आणि खाली गेला.

त्या संध्याकाळी ईवूड पार्कच्या फाटकापाशी तुम्ही थांबा. वीसेक महिन्यांपूर्वी याच मैदानावर क्लबचा लीगमधला पहिला गोल झाला होता. न्यूटन हीथची माणसं गप्प आहेत, पण क्लब बंद करा असं कोणी म्हणत नाही. सप्टेंबरात ते दुसऱ्या विभागात खेळायला उतरले. एक हंगाम नाही, बारा हंगाम ते खाली खेळले. 1902 साली कर्जाने क्लब बुडायची वेळ आली, जॉन हेन्री डेव्हिस या दारूच्या कारखानदाराने पैसा घातला आणि क्लबला नवं नाव मिळालं: मँचेस्टर युनायटेड. 1906 साली ते पुन्हा पहिल्या विभागात चढले. 1908 साली लीग जिंकली.

आता परत या, आपल्या किनाऱ्यावर. जयगडहून दक्षिणेला गोव्यात डेम्पो हा क्लब आहे. 2005 ते 2012 या काळात त्याने देशाचं विजेतेपद पाच वेळा मिळवलं. 2014-15 च्या आय-लीग हंगामात तो खाली घसरला. डेम्पोने अ‍ॅक्रिंग्टनसारखा लगेच राजीनामा दिला नाही. पुढच्याच हंगामात दुसरा विभाग जिंकून दाखवला. पण 2016 साली देशातल्या स्पर्धांची जी नवी रचना पुढे आली, तीत आय-लीगच्या क्लबांना वर चढायला शिडीच ठेवलेली नव्हती. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांच्यासोबत डेम्पोही निषेध म्हणून आय-लीगमधून बाहेर पडला. पुन्हा आय-लीगमध्ये यायला 2024 साल उजाडलं, आणि तेही खालच्या स्पर्धेत खेळून, जागा कमावून. मुंबईच्या महिंद्र युनायटेडची कथा अधिक दुःखाची आहे. 2005-06 साली राष्ट्रीय विजेता झालेला हा क्लब मैदानावर घसरला नव्हता. 2010 साली कंपनीने निर्णय घेतला आणि क्लब बंद झाला. मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या पोरांसमोरचं एक मोठं दार तेव्हा मिटलं.

या सगळ्यांकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट स्वच्छ दिसते. खाली जाणं हा क्लबचा शेवट नव्हे. शेवट होतो तो खाली खेळायला नकार दिल्याने, किंवा खेळाशी संबंध नसलेल्या खोलीत निर्णय झाल्याने. घसरणीची भीती क्लबला जागं ठेवते, पण वर चढायचा रस्ता उघडा असेल तरच ती न्याय्य ठरते. शिडी दोन्ही बाजूंनी वापरता आली पाहिजे. 2023 साली आय-लीगच्या विजेत्याला, पंजाब एफसीला, सुपर लीगमध्ये जागा मिळाली आणि पुढच्या वर्षी मोहम्मेडनला. वरचा दरवाजा किलकिला झाला, ही चांगली गोष्ट. खालचाही उघडायला हवा.

ज्यांच्या हातात भारतीय फुटबॉलची सूत्रं आहेत त्यांना हेच सांगणं आहे. तळाच्या क्लबाला खाली जाऊ द्या, आणि खालच्या विभागात त्याला खेळायला पुरेसे सामने, पैसा आणि प्रेक्षक मिळतील याची व्यवस्था करा. एक म्हातारा सुतार हरणाऱ्या संघासाठी आपले शनिवार रिकामे ठेवत होता, कारण शेवटच्या सामन्यालाही काहीतरी पणाला लागलेलं होतं. आपल्या प्रेक्षकांनाही ते मिळालं पाहिजे. ज्या साखळीत शेवटचा येऊन काहीच गमवावं लागत नाही, त्या साखळीत शेवटच्या महिन्यातले निम्मे सामने निरर्थक होतात, आणि निरर्थक सामना बघायला गिरणीतून, गोदीतून, कारखान्यातून सुटलेला माणूस येत नाही.